वीस जणांचं औषध

धापेची साथ ऐन भरात असताना नव्या कोंडवळला प्रमाणपत्र मिळालं: 'जिल्ह्यातील सर्वाधिक समाधानी वसाहत'. कागद जाड होता, कडेनं सोनेरी वेलबुट्टी होती आणि खाली ज्यांची सही होती त्या साहेबांनी वसाहत कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. साथीमुळे समारंभ पडद्यावरच उरकला. समाजमंदिरात आरोग्यसेविका वैदेही कुबल तोंडाला मास्क बांधून एकटीच उभी राहिली आणि पडद्यावरून साहेब म्हणाले, "समुद्रानं घरंदारं नेली, पण ही माणसं खचली नाहीत. बाकीच्या गावांनी यांच्याकडून शिकावं." वैदेहीनं हात जोडले. त्याच सकाळी तिनं वसाहतीतलं दुसरं प्रेत गाडीत चढवलं होतं, पण समारंभात तसलं काही बोलायचं नसतं.

कोंडवळ हे मूळचं सिंधुदुर्गातलं मच्छीमारांचं गाव. ते जुनं कोंडवळ आता ओहोटीलासुद्धा दिसत नाही. आधी विहिरी खाऱ्या झाल्या, मग बंधारा गेला आणि मग एका वादळात एकोणीस माणसं गेली. त्यात वैदेहीची आई होती, इंदूकाकीचे दोन मुलगे होते. वैदेही तेव्हा चौदा वर्षांची. पुढची चार वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, मग एका बंद साखर कारखान्याच्या चाळीत, मग आणखी कुठे कुठे, असं करत सरकारनं या निर्वासितांना आणून टाकलं ते माणदेशाच्या माळावर, जिथं पिण्याचं पाणीही टँकरनं येतं. खाऱ्या पाण्यातून सुटले आणि पाण्यावाचून अडकले. आसपासचे लोक त्यांना बुडीतवाले म्हणत. सुरुवातीला टँकरवरून डोकी फुटली. रेशनकार्डं तीनदा रद्द झाली, तीनदा नव्यानं काढावी लागली. मग हळूहळू सगळं थंडावलं. माणसंही थंडावली, आणि त्या थंडपणालाच पुढं समाधान हे नाव मिळालं.

नाव दिलं ते एका पट्ट्यानं. बोटभर रुंद, रबरी, मनगटावर बांधायचा. सरकारी नाव 'पूर्वसूचक', पण लोक त्याला ताईत म्हणत. धापेचा विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला चार दिवस लागत आणि तोवर फार उशीर झालेला असे. औषध निघालं होतं, चांगलं होतं, पण ते पहिल्या दोन दिवसांतच लागू पडे. आता ते दोन दिवस ओळखायचे कसे? माणसाला कळत नाही, पण त्याच्या शरीराला कळतं. शत्रू आत आला की शरीर आतल्या आत बोंब ठोकतं. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक रक्तात चढतं, त्यातलं थोडं घामात उतरतं, काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. पट्टा ती बोंब ऐकायचा. सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा, शंका असेल तर पिवळा, आणि लाल लागला की तासाभरात केंद्रातून दहा गोळ्यांचं पाकीट दारात. औषध तुटपुंजं होतं, म्हणून ज्याचा दिवा लाल त्यालाच ते मिळे. पट्टा ना जात बघत होता ना वशिला. त्याच मोजमापातून माणसाच्या मनाचं स्वास्थ्यही काढत आणि जिथला आकडा घसरे तिथं समुपदेशक, डॉक्टरांच्या फेऱ्या, असं सगळं जाई. नव्या कोंडवळचा आकडा कधी घसरलाच नाही. म्हणून तिथं कोणी गेलं नाही, प्रमाणपत्र तेवढं गेलं.

वैदेहीचा या पट्ट्यावर भारी विश्वास. म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो बांधायला लावताना तिनं दारोदार सांगितलं होतं, "दिवो हिरवो तर तुमी बरे." पहिला मेला तो शेजारच्या इंदूकाकीचा नवरा. ताप चढला तेव्हाही त्याच्या मनगटावर हिरवा दिवा होता. पट्टा बिघडला असेल म्हणून वैदेहीनं तक्रार केली, नवा पट्टा आला आणि तो तिनं दुसऱ्या माणसाला बांधला. तो माणूस हिरव्या दिव्यानिशी गेला. सात माणसं गेली तेव्हा तिनं रजिस्टर उघडून नीट पाहिलं. सातही जण तिशीच्या पुढचे होते, सातही हिरवे. आणि याच माळावर जन्मलेली वसाहतीतली अकरा पोरं मात्र लाल झाली होती, अकराजणांना गोळ्या मिळाल्या होत्या आणि आता ती दारासमोर विटीदांडू खेळत होती.

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेमागं एक फोन नंबर होता. तो कुणी कधी फिरवेल असं छापणाऱ्यालाही वाटलं नसावं. वैदेहीनं तो फिरवला, तर पलीकडे पट्ट्याचं गणित बसवणाऱ्या डॉक्टर मंजिरी नाडगौडा स्वतःच निघाल्या. त्यांनी वसाहतीचे सगळे आकडे मागवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला.

"हे संप्रेरक सकाळी चढतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. निरोगी माणसाचा तो रोजचा उतार असतो. तुमच्या मोठ्या माणसांना उतारच नाही. सगळं सपाट आहे."

"म्हणजे ती शांत आहेत?"

"नाही हो. थकली आहेत. वर्षानुवर्षं धोक्याची घंटा वाजत राहिली की शरीर शेवटी ती वाजवायचंच सोडून देतं. हे आम्हाला नवीन नाही, पुस्तकात आहे. पण पट्टा आम्ही ज्या लोकांवर बेतला ते सगळे आपापल्या घरात सुखानं राहणारे होते. चूक माझी आहे, वैदेही."

सरकारी खात्यात इतकं सरळ बोलणारं माणूस वैदेहीनं पहिल्यांदाच ऐकलं. तिचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ संतापही आला. सात माणसं गेल्यावर सापडलेली चूक घेऊन करायचं काय?

"मग दुरुस्त करा ना," ती म्हणाली.

"समितीला पुरावा लागतो. चाचणीसाठी माझ्या हातात वीस पाकिटं आहेत. ती मी तुम्हाला पाठवते. हिरव्या दिव्याची वीस माणसं निवडा, ज्यांचा आजाऱ्याशी संबंध येऊन दोन दिवसांपेक्षा जास्त झाले नाहीत अशी. ती वाचली तर नियम बदलेल. तुमच्यासारख्या आणखी अकरा वसाहती आहेत राज्यात, समुद्रानं उठवलेल्या. तिथंही माणसं अशीच हिरवी मरताहेत. पण प्रत्येकाला पूर्ण दहा गोळ्या. अर्धवट दिल्या तर पाण्यात टाकल्यासारख्या."

पाकिटं आली. वैदेही यादी करायला बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. एकसष्ट माणसं आजाऱ्यांच्या संपर्कात आलेली होती आणि जागा वीस. बापाचं नाव तिनं सर्वांत आधी लिहिलं. त्यानं आदल्या दिवशीच एका प्रेताला खांदा दिला होता, हे कारण खरंच होतं, पण नाव लिहून झाल्यावर ते तिला आठवलं. इंदूकाकी यादीत बसली नाही. तिनं आजारी जावेची शुश्रूषा केली त्याला तीन दिवस होऊन गेले होते. आई गेल्यावर वैदेहीची वेणी घालणारी, तिच्या पहिल्या पाळीच्या वेळी तिला जवळ घेऊन बसणारी इंदूकाकी. तिचं नाव वैदेहीनं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. नियम म्हणजे नियम, असं स्वतःला बजावलं आणि स्वतःचीच तिला शिसारी आली.

गोळ्या दुसऱ्या दिवशी वाटायच्या होत्या. पण पहाटे वैदेही उठली तीच तापानं फणफणलेली. तिच्या मनगटावरचा दिवा अर्थातच हिरवा होता. तीही त्याच शेडमध्ये वाढलेली पोर.

केंद्राची गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिनं पिशवी बापाच्या हातात दिली. जगन्नाथ कुबल, गावचा जगू तांडेल. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. रापण ही किनाऱ्यावरून ओढायची भलीमोठी जाळी. तिच्या दोन्ही टोकांना सत्तरऐंशी माणसं लागत आणि ओढून झाली की मासळीचे वाटे वाळूवर पडत. नियम एकच: दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हातारा असो, विधवा असो, वाटेनं जाणारा परका असो. आणि तांडेलाचा वाटा सगळ्यांच्या शेवटी. समुद्र गेला, पण माळावरच्या पाझर तलावात वर्षातून एकदा जगू तांडेल अजून जाळं टाकायला लावी आणि मिळतील त्या चार मरतुकड्या माशांचे वाटे घाली. बघणाऱ्या गावकऱ्यांची करमणूक होई.

"बाबा, ही यादी," वैदेही दम खात म्हणाली. "जेंची नावां हत तेंका आख्खा पाकीट. फोडूचा नाय. रोज दोन गोळ्यो, पाच दिस. कळला?"

"कळला गो. मी काय पोर नाय."

तो यादी वाचत राहिला. वाचायला त्याला वेळ लागे. "हेच्यात पयला नाव माझा हा."

"हा."

"इंदूचा नाय."

"तिका तीन दिस होवन गेले, बाबा. आता तिका लागू पडाचा नाय."

त्यानं यादी घडी करून खिशात ठेवली. गाडीचं दार लागलं.

विलगीकरण केंद्र तालुक्याच्या एका मंगल कार्यालयात होतं. नवरानवरीच्या खुर्च्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या आणि बाकी हॉलभर खाटा. वैदेहीला प्राणवायू लावला. पाचव्या दिवशी ती जरा शुद्धीवर आली, खिडकीशी बसू लागली. तिथं तिला वसाहतीचा टँकरवाला भेटला. पोपट शेंडगे त्याचं नाव, मूळचा तिथलाच. केंद्रालाही पाणी तोच घालत होता.

"ताई, बरं वाटतंय न्हवं?" तो खिडकीबाहेरून ओरडला. "तुमच्या वडलांनी मलाबी एक गोळी दिली बघा."

वैदेहीला वाटलं आपल्याला अजून तापच आहे. "तुम्हाला? कसली गोळी?"

"ती औषदाचीच की. म्या म्हणलं मला कशाला, मी तर तुमच्यातला न्हाई. तर म्हणले, आमची माणसं जाळायला लाकडं तू आणलीस, तूबी दोर वढलास, तुझाबी वाटा. अशा सा गोळ्या आमच्या लोकान्ला दिल्या त्यांनी. लई मोठ्या मनाचा माणूस, ताई."

वीस पाकिटं, दोनशे गोळ्या. वसाहतीत मोठी माणसं एकशे चौऱ्याण्णव, आणि परकी सहा. हिशेब अगदी चोख बसत होता. वैदेहीनं बापाला फोन लावला.

"बाबा, गोळ्यो कोणाक दिलात?"

"सगळ्यांका. एकेक. वाटे घातले."

"मी काय सांगून इललंय तुमका! पाकीट फोडूचा नाय म्हणान..."

"सांगलंस. आयकलंय." त्याला धाप लागत होती, ते तिला त्या क्षणी कळलं नाही. "पण बाय, सगळी माणसां दारात येवन उभी रवली. मी विसांची नावां वाचूची आणि बाकीच्यांनी नुसता बघीत रवूचा? आणि पयला नाव माझा. तांडेलान पयलो वाटो आपणाक घेतलेलो तू कधी बघलंस?"

"हे मासे नाय हत, बाबा! एका गोळयेन कोण वाचाचो नाय!"

पलीकडून जड श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "दर्यान घरां नेल्यान तेव्हा वाटून नेल्यान नाय. तुझी आवस नेल्यान, माका ठेवल्यान. इंदूचे दोन झील नेल्यान, तुका ठेवल्यान. तेव्हापासना आमी एकमेकांच्या तोंडाकडे बघूक लाजतंव. आता परत यादी करून लाजूक आमच्यात बळ नाय गो."

या बोलण्यात काय आहे ते वैदेहीला त्या वेळी ऐकूच आलं नाही. तिला फक्त यादी दिसत होती, अकरा वसाहती दिसत होत्या, पाण्यात गेलेल्या दोनशे गोळ्या दिसत होत्या. "तुमी सगळ्यांका मारलात," ती ओरडली आणि फोन ठेवून दिला.

बापलेकीचं तेच शेवटचं बोलणं. चार दिवसांनी जगू तांडेल गेला. ती तेव्हा केंद्रातच होती, तिला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आयुष्यभर ज्या एका वाक्याचा पश्चात्ताप करावा असं वाक्य माणसाच्या तोंडून नेमकं शेवटचं म्हणून निघतं, आणि ते परत घ्यायला समोर कोणी उरत नाही.

साथ ओसरेपर्यंत नव्या कोंडवळची तेहतीस माणसं गेली. इंदूकाकी वाचली, कशी, ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. वैदेही परत आली तेव्हा समाजमंदिरात जगू तांडेलाचा फोटो लागलेला होता आणि त्याला रोज ताजा हार. मरताना त्यानं कोणालाही वगळलं नाही, हीच एक गोष्ट त्या वसाहतीला साथीतून मिळाली होती. लोक एकमेकांशी पूर्वीपेक्षा जास्त बोलत होते. बायका एकमेकींच्या ओट्यावर जाऊन रडत होत्या. आणि नवल म्हणजे कधी नव्हे ते दोनचार पट्टे पिवळे झाले होते. थकलेल्या शरीरांना दुःख करायची ताकद परत येत होती, त्याला पट्टा घसरण म्हणत होता.

मग नाडगौडा बाईंचा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"समितीनं निष्कर्ष काढलाय. हिरव्या दिव्याच्या लोकांना औषध देऊन पाहिलं, काही उपयोग झाला नाही, सबब यापुढे हिरव्यांना औषध देऊ नये. अकराही वसाहतींची दारं बंद."

"पण औषध दिलंच कुठं? एकेक गोळी दिली."

"तेच नोंदीत आणायला हवं. सुनावणी लावून घेतलीय मी. तुम्हाला जबाब द्यावा लागेल. गोळ्या कोणी वाटल्या, आणि का." बाई अडखळल्या. "एक गोष्ट सांगून ठेवते. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय आहेत. जाणूनबुजून वाटल्या असतील तर वसाहती असहकार करतात असं धरतील, आणि चाचणी कायमची बंद. अज्ञानातून झालं असेल तर ती अंमलबजावणीतली चूक. मग चाचणी पुन्हा घेता येते, आणि या वेळी औषध त्या अकराही ठिकाणी जाईल. दुसरी साथ येतेय, वैदेही. पावसाळ्याआधी येईल."

सुनावणी दुपारी होती, त्याच समाजमंदिरात, त्याच पडद्यावर. जबाब वसाहतीच्या लोकांसमोर घ्यायचा असा नियम, म्हणून मागं बाकांवर चाळीसेक माणसं येऊन बसली. त्यांना वाटत होतं, जगू तांडेलाचा मोठेपणा आज सरकारला कळणार. कोणीतरी फोटोचा हार सरळ केला. इंदूकाकी पहिल्या बाकावर होती.

पडद्यावर तीन अधिकारी. मधल्यानं घसा साफ केला. "औषधाचं वाटप कोणी केलं?"

"जगन्नाथ कुबल. माझे वडील."

"पूर्ण पाकीट द्यायचं, हे त्यांना सांगितलं होतं?"

"मी सांगितलं होतं."

"मग त्यांनी जाणूनबुजून नियम मोडला?"

मागं कोणीतरी "होय!" म्हणालं, अभिमानानं. वैदेहीला तो फोन आठवला, पलीकडचा श्वास आठवला. बाप नियम समजून बोलत होता, अक्षर न् अक्षर समजून. त्याच्याएवढा शहाणा माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि हे तिला त्याच्या मरणानंतर उमगलं होतं. ते इथं सांगितलं तर माळावरची ही माणसं तिला डोक्यावर घेतील, आणि पावसाळ्याआधी अकरा वसाहतींत माणसं हिरव्या दिव्यानिशी मरतील.

"नाही साहेब," ती म्हणाली. "ते अडाणी होते. त्यांना कळलं नाही. आमच्याकडं मासे वाटतात तशा वाटल्या त्यांनी."

"म्हणजे अज्ञानातून?"

"हो. अज्ञानातून."

पडद्यावर कोणीतरी टंकलं. बाजूच्या चौकटीत नाडगौडा बाईंनी मान खाली घातली. आभार मानून साहेब गेले, पडदा काळा झाला. मागं बाकं सरकल्याचा आवाज झाला, चपला घातल्याचा, आणि मग काहीच नाही. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर वैदेहीला बरं वाटलं असतं.

ती वळली. फक्त इंदूकाकी बसून होती.

"तुझ्या बापाशीन आपली गोळी माका दिल्यान," इंदूकाकी म्हणाली. "म्हटल्यान, एकान काय, दोनान पण काय होवचा नाय ता माका ठावक हा, पण तू घे. तेका सगळा कळला होता गो."

"माका ठावक हा, काकी."

"मगे अडाणी कित्याक म्हटलंस?"

"आणखी अकरा वसाहती हत. आता तेंका औषध मिळतला."

"तुझो बापूस अडाणी ठरलो म्हणान मिळतला?"

"होय."

 इंदूकाकी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मिळांदेत तेंका," ती म्हणाली, आणि वैदेहीच्या अंगाला पदरसुद्धा लागू न देता बाहेर निघून गेली.